जुन्या नॅसवर फाइली रखडत जात असतील तर

नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, मंदावला की लोक आधी सेटिंगमध्ये घुसतात. जम्बो फ्रेम (नेटवर्कवरची नेहमीपेक्षा मोठी पाकिटं) चालू करतात, फर्मवेअर पुन्हा टाकतात, दिसेल ती सेवा बंद करतात. दोन तासांनी वेग होता तेवढाच असतो, आणि वर आपण काय काय बदललं तेही आठवत नाही. सेटिंगला हात लावण्याआधी मोजा.

मोजायला तीन-चार जीबीची एकच मोठी फाइल घ्या. फोटोंचं फोल्डर घेऊ नका. प्रत्येक फाइल उघडणं, तिची नोंद करणं, ती बंद करणं यात वेळ जातो, फाइल कितीही लहान असली तरी. त्यामुळे हजारो चिल्लर फाइलींवर धडधाकट नॅसही रांगतो. कॉम्प्युटर केबलने जोडा; वायफायवरचा आकडा नॅसबद्दल काहीच सांगत नाही. फाइल नॅसवर टाका, मग परत आणा, दोन्ही वेग लिहून ठेवा. सुरुवातीचे काही सेकंद धरू नका, तेव्हा डेटा नुसता मेमरीत जाऊन बसत असतो.

आता आकडा वाचायचा. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि कॉपीची खिडकी मेगाबाइट दाखवते, म्हणून ८ ने भागायचं. १०० मेगाबिटचे झाले १२.५ मेगाबाइट, त्यातला वरखर्च जाऊन हातात ११ च्या आसपास. गिगाबिटचे १२५, हातात साधारण ११०.

वेग ११ वर सरळ रेघेसारखा अडकला असेल तर संशय केबलवर. मधल्याच कुठल्यातरी आकड्यावर स्थिर असेल तर बहुधा प्रोसेसरचा दम संपलाय. उड्या मारत मधेच शून्यावर येत असेल तर डिस्क.

केबल

इथे माझे तीन रविवार गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वेग ११ वर अडकला होता. कॉम्प्युटरवर जोडणीचा वेग पाहिला, स्वच्छ १ गिगाबिट. म्हटलं, नेटवर्क ठीक आहे, आणि डिस्कच्या मागे लागलो. चूक अशी होती, की कॉम्प्युटर दाखवतो तो वेग फक्त त्याच्यापासून स्विचपर्यंतचा, म्हणजे सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या डब्यापर्यंतचा. स्विचपासून नॅसपर्यंतचा टप्पा वेगळा, तिथला वेग ती दोन टोकं आपसात ठरवतात. तो टप्पा १०० वर चालला होता आणि कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही नव्हता.

दोषी निघाली कपाटामागून गेलेली केबल, मीच क्रिम्प केलेली, म्हणजे टोकाचा प्लग मीच दाबून बसवलेला. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या चारच लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांपैकी एक जरी सैल असली तरी दोन्ही उपकरणं गुपचूप १०० वर उतरू शकतात. दिवा लागलेला असतो, सगळं चालू असतं, एरर कुठेही येत नाही. म्हणून ‘नेट चालतंय ना, मग केबल बरी आहे’ असं कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. केबल तपासायच्या टेस्टरवरही विसंबू नका. माझ्या केबलने टेस्टरवर आठही दिवे लावून दाखवले होते, कारण टेबलावर ती सरळ होती. कपाटामागे वाकली की तार सुटायची.

तर असं करा. नॅसच्या अॅडमिन पानावर नेटवर्कच्या भागात जोडणीचा वेग दिसतो, तो आधी बघा. १०० दिसला तर नॅस उचलून स्विचजवळ न्या आणि खात्रीच्या आखूड केबलने जोडा. १००० झाला, तर गुन्हेगार जुनी केबल किंवा भिंतीतला सांधा. तरीही १०० च राहिला तर स्विचचा पोर्ट बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही. स्विचच्या जागी राउटर असेल तर त्याचे पोर्ट गिगाबिटचे आहेत का तेही बघा. बऱ्याच जुन्या राउटरांचे नसतात. आणि नॅसचाच पोर्ट १०० चा असेल तर ११ हाच त्याचा पूर्ण वेग आहे. विषय संपला.

जोडणी गिगाबिटची दिसूनही शंका असेल तर नॅसच्या टोकाची केबल काढून लॅपटॉपला लावा आणि दोन कॉम्प्युटरांमध्ये आयपर्फ हा नुसता नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवा. यात डिस्क येतच नाही. ९०० मेगाबिटच्या वर आकडा आला की केबल निर्दोष.

एक गोष्ट मात्र करू नका: वेग हाताने ठरवून देणं. एका बाजूला ‘१०० फुल डुप्लेक्स’ पक्कं केलं आणि दुसरी बाजू ऑटोवर राहिली, तर ऑटोवाल्याला समोरच्याचा डुप्लेक्स, म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीने, ते कळत नाही आणि तो हाफ, म्हणजे आळीपाळीचा, धरून बसतो. मग पॅकेट आदळत राहतात. माझा वेग त्यात ११ वरून १ च्या खाली गेला होता. दोन्हीकडे ऑटोच ठेवा.

डिस्क

नॅसच्या अॅडमिन पानावर स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्याचा, अहवाल उघडा. १९७ नंबरपुढे, म्हणजे वाचता न आल्याने खोळंबलेल्या सेक्टरांपुढे (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा), शून्याहून जास्त आकडा असेल तर वेगाचं सगळं विसरा आणि आधी डेटा दुसरीकडे काढा. कॉपी मधेच शून्यावर येते ती बहुतेकदा अशाच सेक्टरवर डिस्क पुन्हा पुन्हा डोकं आपटत असते म्हणून. १९९, म्हणजे डिस्कच्या जोडणीवरच्या चुकांचा आकडा, वाढत असेल तर डिस्क काढून नीट बसवा, दोष बहुधा कनेक्टरचा असतो. रेड, म्हणजे अनेक डिस्का एकत्र चालवणारी मांडणी, पुनर्बांधणी करत असेल तर ती संपेपर्यंत थांबा.

प्रोसेसर

कॉपी चालू असताना नॅसचा प्रोसेसर १०० टक्क्यांवर चिकटलाय का बघा. फोटोंचे थंबनेल बनवणं आणि मीडिया सर्व्हर बंद करा. एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरला जुना चिमुकला प्रोसेसर पुरा पडत नाही, तेव्हा गुप्त नसलेले सिनेमे साध्या फोल्डरमध्ये हलवा. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर वेग पडला असेल, तर त्याने बहुतेक आवृत्त्यांवर एसएमबी (विंडोज नॅसशी फाइली देवघेव करतं ती पद्धत) सायनिंग सक्तीचं केलंय आणि प्रत्येक पॅकेटवर सही करण्याचा भार नॅसवर आलाय. मी तो भार सोसतो, सायनिंग बंद करत नाही. एसएमबी १ या जुन्या आवृत्तीवर परत जा हा सल्ला तर कानाआड करा. २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस त्याच वाटेने पसरला.

जम्बो फ्रेम? वाटेतल्या एखाद्या स्विचला त्या झेपत नसतील तर तो त्या मुकाट टाकून देतो आणि मोठ्या फाइली लटकतात. पाकिटाचा आकार नेहमीचा १५०० बाइट ठेवा आणि विसरा.

एवढं करून वाचण्याचा वेग ६० आणि लिहिण्याचा ३० येत असेल, आणि डिस्का रेड ५ मध्ये असतील, तर दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. रेड ५ मध्ये लहानसहान लिखाणाला आधी जुना डेटा आणि पॅरिटी (एखादी डिस्क गेली तर डेटा परत मिळवायची जादा नोंद) वाचावी लागते, मग दोन्ही नव्याने लिहावी लागतात, आणि पॅरिटीचा हिशेब त्याच म्हाताऱ्या प्रोसेसरकडे असतो.