शाळेत मुलाला दम लागला तर

दम्याचा निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉलचा, कुलपात ठेवू नका. किल्ली शोधण्यात मोलाची मिनिटं जातात. पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी, जिच्यातून मूल औषध श्वासात घेतं) वर्गात हाताशी हवेत, खेळाच्या तासाला मैदानावरही.

दम लागला की मुलाला ताठ, किंचित पुढे झुकवून बसवा. आडवं झोपवू नका, एकटं सोडू नका. पंप नीट हलवा, स्पेसरला लावा, एकच फवारा मारा आणि मुलाला चार संथ श्वास घेऊ द्या. पुन्हा हलवा, पुढचा फवारा. असे चार. घाईत दोन-तीन फवारे एकदम मारले की औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटतं, फुप्फुसापर्यंत थोडंच पोहोचतं.

चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत तसेच चार-चार फवारे देत राहा. ओठ निळसर पडले, वाक्य पुरं बोलवेना, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, तर थांबूच नका, आधी फोन करा. श्वासातला शिट्टीसारखा आवाज बंद झाला म्हणून निर्धास्त होऊ नका; हवा आत जाणंच कमी झालेलं असू शकतं.

स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवा. फडक्याने पुसल्यास त्यावर स्थिर वीज साचते आणि औषध चिकटतं.