डंख नसलेल्या माशीचा मध काढताय? मग घाई नको आणि गॅसवर तर अजिबात नको

मंडळी, मोहोर संपत आला, काजू अजून फुलतोय, माडाची पोय तर बाराही महिने असतेच, म्हणजे कोकणात नि गोव्यात ट्रायगोनाच्या, म्हणजे याच डंख नसलेल्या माशीच्या, पेट्या, मडकी उघडायचे दिवस आले. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल एवढाच काय तो हंगाम, वळीव पडायला लागले की माशीलाच तो मध लागतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही तीन-चार मिलिमीटरची काळी माशी, भिंतीच्या भोकात, दाराच्या चौकटीत, मीटरच्या बॉक्समध्ये राहते आणि तोंडाशी चिकट राळेची नळी करते. कोणी हिला पोया म्हणतात. डंख मारत नाही पण पेटी उघडली की केसात, कानात शिरते, त्यामुळे डोक्याला फडकं बांधा. वर्षाला एका वसाहतीतून अर्धा किलोच्या आतबाहेर मध मिळतो, कधी त्याहून कमी, आणि म्हणूनच तो साध्या मधापेक्षा कितीतरी महाग जातो. केरळात याला चेरुतेन म्हणतात, तिथल्या वैद्यांकडे याला जुना मान आहे.

आता औषधी गुणाचं. ही माशी मध मेणाच्या षटकोनी घरात ठेवत नाही, मेण आणि झाडाची राळ एकत्र करून छोटी मडकी बनवते आणि त्यात साठवते. आंब्याचा चीक, फणसाचा चीक, जे मिळेल ते गोळा करते. त्या राळेतले फिनॉल आणि फ्लेव्होनॉइड, म्हणजे झाडातली रसायनं, मधात उतरतात, लॅबमध्ये या मधात जी अँटिऑक्सिडंट (पेशींची झीज रोखणारी) ताकद दिसते तिच्यामागे हे एक मोठं कारण, आणि जखमेत पू करणाऱ्या काही जंतूंवरही तो लॅबमध्ये काम करतो. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या लोकांनी तिथल्या आणि मलेशियातल्या डंखरहित माश्यांच्या मधात ट्रेहॅल्युलोज नावाची साखर सापडल्याचं छापलं, ती रक्तात हळूहळू उतरते. पण त्यात आपली माशी नव्हती, तेव्हा "शुगरवाल्यांना चालतो" असं गिऱ्हाइकाला सांगू नका. लॅबमधलं सगळं माणसाच्या पोटात तसंच होतं असंही नाही. बाटलीवर "डायबेटिस बरा" वगैरे छापाल तर रोग बरा करण्याच्या जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९५४ च्या जादुई उपचार कायद्यात अडकाल.

काढणीत खरी माती होते. पोळ्याचा अख्खा गोळा काढून हातानं पिळायचा ही आपली जुनी सवय, त्यात अंडी-पिल्लं चिरडतात, परागाची मडकी फुटतात आणि मध चार दिवसांत फसफसतो. मधाची मडकी आणि परागाची मडकी वेगळी ओळखा, परागाची दाबली तर पिवळा लगदा निघतो, त्यांना हात लावू नका. पेट्या थोड्या असतील तर नवी कोरी सिरिंज (सुई नको) बेस्ट, मडकं टोचून मध ओढून घ्यायचा. जास्त असतील तर मधाची मडकी तेवढी अलगद सोडवून, फोडून स्टीलच्या चाळणीवर ठेवा, खाली काचेचं भांडं, वर स्वच्छ कापड, आपोआप निथळतो. केरळात हे उन्हात ठेवतात, मला विचाराल तर सकाळचं कोवळं ऊन पुरे, आपलं एप्रिलचं दुपारचं ऊन फार होतं. निम्मी मडकी तशीच ठेवा, पावसात माश्या काय खाणार? आणि काढणीच्या आधी साखरेचं पाणी पाजत असाल तर बंद करा, नाहीतर विकताय काय, साखरच ना.

हा मध पातळ आणि आंबटच असतो, ओलावा २५ ते ३५ टक्क्यांपर्यंत, साध्या मधाला आपल्याकडे २० टक्क्यांची मर्यादा आहे. मलेशियानं २०१७ मध्ये याच्यासाठी वेगळं मानक केलं, त्यात ३५ टक्के चालतो. तेव्हा पातळ आहे म्हणून भेसळ समजू नका आणि घट्ट करायला गॅसवर तर मुळीच आटवू नका, एन्झाइम मरतात, वासही जातो. काचेची बाटली घ्या, काठोकाठ भरू नका, फ्रीजमध्ये ठेवा, आणि बाहेर ठेवलीच तर झाकण अधूनमधून सैल करा, गॅस धरून बाटली फुटू शकते.

वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध नाही, हाही नाही. राळेची कोणाला ॲलर्जी असते, अंगाला खाज-पुरळ आली तर थांबा. शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

निथळून उरलेला राळ-मेणाचा गोळा फेकू नका, नव्या मडक्याच्या किंवा बांबूच्या तोंडाला चोळा, वासानं माश्या येतात. आणि बागेत तुडतुड्यांवर फवारणी राहिली असेल तर ऐन फुलोऱ्यात नको, करावीच लागली तर संध्याकाळी माश्या घरात गेल्यावर, कारण ही माशी फार लांब जात नाही, तुमच्याच बागेत फिरते आणि तुम्ही मारलेलं औषध तुमच्याच मधात येतं. पेटीच्या पायांना ग्रीस लावा किंवा पाण्याच्या वाट्या ठेवा, काढणी झाल्या झाल्या सांडलेला मध पुसून घ्या आणि फटी मातीनं नाहीतर टेपनं त्याच दिवशी बंद करा, मुंग्या आणि फोरिड माश्या (पोळ्यात शिरून नासधूस करणाऱ्या बारीक माश्या) रात्रीत पोचतात.