इंजिनाची घरच्या घरी देखभाल : या चुका टाळा

घरी इंजिनाची देखभाल करणाऱ्याचा हात बहुधा 'थोडे जास्तच असलेले बरे' या समजुतीने बिघडतो. ऑइल थोडे जास्त, बोल्ट थोडा जास्त घट्ट, हवेचा झोत थोडा जास्त जोरात, असे करणाऱ्याला आपण काळजी घेत आहोत असेच वाटत असते.

सर्वाधिक चुका इंजिन ऑइलच्या बाबतीत होतात. पातळी पाहताना गाडी सपाट जागी हवी आणि उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल, तर इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे झालेली असावीत. अन्यथा वर चढलेले ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्यात, पूर्ण उतरलेले नसते, पातळी खोटीच कमी दिसते आणि माणूस घाईने आणखी ऑइल ओततो. डिपस्टिक, म्हणजे पातळी मोजायची पट्टी, पुसून पुन्हा बुडवावी आणि दुसऱ्या वेळचीच खूण खरी मानावी. वरच्या खुणेपलीकडे भरलेले ऑइल निरुपद्रवी नसते: पातळी फार वाढली की फिरणारा क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) ते घुसळतो, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात, पंप फेस ओढू लागतो आणि भरपूर ऑइल असूनही बेअरिंगांना पुरेसा दाब मिळत नाही. असे झाले असल्यास गाडी चालवून 'ते जळून जाईल' अशी वाट पाहू नये; जास्तीचे ऑइल काढून टाकावे.

ऑइलच्या प्रकाराविषयीही अशीच समजूत आढळते. दाट ऑइल म्हणजे अधिक संरक्षण, असे मानून उत्पादकाने सांगितलेल्या ५डब्ल्यू-३० (ऑइलच्या दाटपणाची एक श्रेणी) ऐवजी बरेच दाट ऑइल घातले, तर थंड इंजिन सुरू होताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, आणि नेमकी तीच वेळ झिजेची असते. ज्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, तिला कमी राख सोडणारेच ऑइल लागते, कारण राख त्या फिल्टरमध्ये साचून राहते आणि काजळीसारखी जळून जात नाही.

ऑइल बदलण्यासाठी गाडीखाली जायचे असेल, तर केवळ जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये. कठीण, सपाट जमिनीवर जॅक स्टँड (गाडी तोलून धरणारे पक्के आधार) लावावेत आणि टेकलेल्या चाकांना अडसर द्यावा. ड्रेन बोल्ट, म्हणजे जुने ऑइल सोडण्याच्या छिद्राचा बोल्ट, टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेतील मापानेच आवळावा. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर जोर बोल्टला सोसतो, चेंबरच्या आट्यांना सोसत नाही. जुना वॉशर पुन्हा वापरला की ठिबक सुरू होते, ती थांबवण्यासाठी बोल्ट आणखी पिळला जातो आणि आटे जातात. खरे तर नव्या वॉशरने काम भागले असते. फिरवून बसवायचा ऑइल फिल्टर काढताना त्याची जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे, कारण दोन रिंगा एकावर एक बसल्या तर दाब येताच ऑइल वेगाने बाहेर फेकले जाते. नव्या रिंगेला ऑइलचे बोट लावून फिल्टर हातानेच बसवावा. काम झाल्यावर इंजिन सुरू केले आणि ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर तत्क्षणी इंजिन बंद करावे.

कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, झाकण गरम इंजिनावर उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असतो आणि झाकण सैल होताच उकळून उसळतो. कूलंटचा रंग हा प्रकाराचा पुरावा नव्हे, त्यामुळे रंग जुळला म्हणून दोन निरनिराळे कूलंट मिसळणे चुकीचे आहे. सांडलेले कूलंट लगेच पुसावे, कारण त्यातले एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते आणि प्राणी ते चाटतात.

एअर फिल्टरच्या कागदावर जोरदार हवा मारल्यास तो बारीक फाटतो आणि धूळ थेट आत जाते. मळलेला फिल्टर बदलणे हेच सरळ काम. स्पार्क प्लग (इंधन पेटवणारी ठिणगी पाडणारे भाग) इंजिन थंड झाल्यावरच काढावेत आणि नवा प्लग पहिले काही फेरे पान्याविना, बोटांनी फिरवावा. तो सुरुवातीलाच अडला तर आटे तिरके बसत आहेत असे समजून मागे घ्यावा.

इंजिनाचा पिवळा दिवा लागला की गाडीच्या संगणकाने नोंदलेला दोषाचा कोड स्कॅनरने वाचून थेट सुटा भाग विकत घेणे, ही अलीकडची लोकप्रिय चूक. कोड लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. उदाहरणार्थ, पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी वा ज्वलन चुकत आहे, एवढेच. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल, तर थंड इंजिनावर दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी थोडी चालवावी. आता पी०३०३ दिसला, तर दोष कॉइलसोबत सरकला आहे आणि तीच बदलावी. पी०३०२ कायम राहिला, तर प्लग, मग इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), या क्रमाने पाहावे. कोड पुसण्यापूर्वी त्यासोबत नोंदलेला इंजिनाचा वेग, तापमान आणि भार लिहून घ्यावा, कारण कोडबरोबर तीही नोंद पुसली जाते.