शिकवणी लावण्याआधी फॅमिली डॉक्टरांना गाठा

मार्क घसरले की आधी शिकवणी लागते, मग मोबाइल काढून घेतला जातो. डॉक्टर आठवतात ते तापाला. खरं तर मुलाला तान्हेपणापासून ओळखणारा माणूस तोच.

पायरी १. आधी वर्गशिक्षिकेशी बोला: नेमकं काय अडतंय, कधीपासून? मग दोन-तीन वह्या घेऊन दवाखान्यात जा. संध्याकाळची गर्दी टाळून वेळ मागा, आणि मुलासमोर तक्रारींचा पाढा वाचू नका.

पायरी २. शरीराची तपासणी. पुस्तकातलं बरोबर उतरतं पण फळ्यावरचं चुकतं, तर डोळे तपासा. सारखी सर्दी असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येऊ शकतं. घरच्यांना वाटतं, पोरगं मुद्दाम दुर्लक्ष करतं. रात्री घोरतं, तोंड उघडं ठेवून झोपतं? ॲडिनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, वाढल्यामुळे झोपमोड होते आणि दिवसा लक्ष लागत नाही. ५ ते ११ वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया.

एक गोष्ट हमखास निसटते. मूल बोलता बोलता काही सेकंद थिजतं, हाकेला ओ देत नाही, मग जणू काही झालंच नाही असं पुढे बोलू लागतं. ही तंद्री नसून फिट असू शकते. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा.

पायरी ३. सगळं ठीक निघालं, तर वह्या उघडा. तोंडी उत्तर चोख, पण लिहिताना काना-मात्रा गळतात, जोडाक्षरं अडतात? डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी असूनही लिहिण्या-वाचण्यात येणाऱ्या अडचणीची, शंका घ्यावी. निदान साधारण तिसरीच्या सुमारास पक्कं होतं, पण मदतीसाठी तोवर थांबू नये. चंचलपणा घरी आणि शाळेत दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त दिसत असेल, तरच एडीएचडीचा, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकण्याच्या विकाराचा, विचार.

हे निदान फॅमिली डॉक्टर एकटे करत नाहीत. त्यांच्याकडून बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञांसाठी चिठ्ठी घ्या. मुंबईत शीवच्या पालिका रुग्णालयात यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी, येते. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

‘बुद्धीचं टॉनिक’ मात्र मागू नका, तसलं काही नसतं. चष्मा लागला तर बाईंना सांगून पुढचा बाक मागा आणि तीन महिन्यांनी नव्या वह्या घेऊन पुन्हा जा.