‘ब्रेकिंग’च्या भडिमाराला वैतागलात? नोटिफिकेशन बंद करताना या चुका टाळा

‘मोठी बातमी!’ म्हणून फोन वाजतो. उघडून बघावं तर कुठल्याशा अभिनेत्रीचा विमानतळावरचा ड्रेस. पाच मिनिटांनी ‘अखेर ठरलं!’ येतं, काय ठरलं ते तिसऱ्या परिच्छेदापर्यंत सापडत नाही. मग सोन्याचा भाव, मग चार राशींचं नशीब, मग लाडकी बहीण योजनेचा हप्ता ‘या तारखेला?’, आणि शेवटी ठळक प्रश्नचिन्ह. ज्या बाईचा महिन्याचा हिशेब त्या पंधराशे रुपयांवर बसतो, ती प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून ते उघडते. आत नवीन काहीही नसतं. मला याचा राग येतो आणि तो योग्य आहे असं मी मानते.

ब्रेकिंग न्यूज म्हणजे काय हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. २३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळी आठच्या सुमारास राजभवनातल्या शपथविधीची बातमी आली. रात्री झोपताना राज्याचं जे चित्र होतं ते उठेपर्यंत उलटं झालं होतं. अशा बातमीसाठी फोन वाजला तर कुणाची हरकत असणार? अडचण अशी आहे की त्याच आवाजात, त्याच लाल अक्षरांत दिवसभर फुटकळ गोष्टी येत राहतात. कानाला सवय होते, मन मरतं, आणि खरंच महत्त्वाचं काही आलं तरी आपण न बघताच बोटाने बाजूला सारतो.

म्हणून सगळं बंद करून मोकळं होणं हा उपाय नाही. फोनने कशासाठी वाजायचं हे आपण ठरवायचं. त्यासाठी मी एकच प्रश्न विचारते: ही बातमी आत्ता कळल्याने पुढच्या तासाभरात मी काही वेगळं करणार आहे का? धरणातून पाणी सोडलं, लोकल बंद पडली, उद्या शाळेला सुट्टी, दहावीचा निकाल लागला, याचं उत्तर ‘हो’ आहे. बाकीच्या बातम्या संध्याकाळी चहा घेताना वाचल्या तरी काही बिघडत नाही.

आता लोक हमखास कुठे चुकतात ते बघू.

नुसतं बाजूला सारणं

सूचना आली की ती पुसून टाकणं म्हणजे बंदोबस्त नव्हे. दहा मिनिटांनी पुढची येणारच. तिच्यावर बोट दाबून धरा. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये लगेच पर्याय दिसतात: आवाजासह, आवाजाविना, किंवा पूर्ण बंद. २०१७ मध्ये आलेल्या ॲन्ड्रॉइड ८ पासून एकाच ॲपच्या सूचनांचे वेगवेगळे गट करता येतात. म्हणजे ॲप बनवणाऱ्याने मनावर घेतलं असेल तर ‘ब्रेकिंग’, ‘मनोरंजन’, ‘राशिभविष्य’, ‘क्रिकेट’ असे वेगळे खटके तुम्हाला मिळतात आणि नको ते तेवढं बंद करता येतं. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात ते ॲप, त्यात नोटिफिकेशन्स, हा तिथे पोचायचा रस्ता. फोन मराठीत असेल तर ‘सूचना’ असं लिहिलेलं दिसेल.

पण काही ॲप सगळं एकाच गटात कोंबतात. तसं दिसलं तर ॲप उघडून त्याच्या आतल्या सेटिंग्जमध्ये जा. तिथे विषय आणि शहरं निवडायची सोय बहुधा असते आणि सुरुवातीला बहुतेक खुणा आधीच केलेल्या असतात. नाशिकच्या माणसाला मनोरंजन, लाइफस्टाइल, व्हायरल सगळं चालू, आणि ‘नाशिक’ मात्र बंद, हे मी कितीतरी फोनवर पाहिलं आहे. उलटं करून घ्या. आतही काही सोय नसेल, तर त्या ॲपला तुमच्या फोनवर वाजायचा हक्क नाही. सरळ बंद करा, बातम्या हव्या तेव्हा उघडून वाचा.

ॲप काढलं, तरी येतच राहतं

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या मावशीने बातम्यांचं ॲप रागाने काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन: “अगं, मी डिलीट केलं की, तरी येतंच आहे. परत आपोआप बसलं का ते?” तसं झालेलं नव्हतं. तिच्या फोनवरच्या सूचनेत वरच्या बाजूला बारीक करड्या अक्षरांत ‘क्रोम’ (संकेतस्थळं उघडायचा ब्राउझर) लिहिलेलं होतं आणि त्याच्या शेजारी एका संकेतस्थळाचा पत्ता. उकडीच्या मोदकांची कृती शोधताना ती त्या साइटवर गेली होती. ‘आमच्या सूचना मिळवा’ अशी चौकट आली, कृती दिसेना म्हणून तिने ‘अलाऊ’ दाबलं. त्या क्षणापासून ब्राउझरमार्फत त्या साइटला तिच्या पडद्यावर यायची परवानगी मिळाली. ॲपचा यात काही संबंधच नव्हता.

उपाय सोपा आहे. क्रोम उघडा, वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी तिथे दिसते. नको ती निवडा आणि ब्लॉक करा. ही यादी पहिल्यांदा बघणारा माणूस चकित होतो, कारण त्यातल्या निम्म्या साइटची नावंही त्याला आठवत नसतात. त्याच पानावर वरचा खटका बंद केला तर यापुढे कुठलीच साइट विचारणारही नाही. मी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर तो बंद केला आहे आणि कुणाचं काहीही अडलेलं नाही. अलीकडच्या क्रोममध्ये सूचनेखालीच ‘अनसबस्क्राइब’ असं बटण येतं, तेही चालतं.

याच वाटेने फसवणूकही आत येते. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला’ असं सांगणाऱ्या सूचना बहुतेक वेळा अशाच एखाद्या साइटच्या असतात. ‘मी रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं कुठल्याही पानाने म्हटलं तर ते पान तिथल्या तिथे बंद करा. रोबोट नसल्याची खरी पडताळणी सूचनांची परवानगी मागत नाही.

क्रोमची यादी कोरी आहे आणि तरीही येतंय? मग फोनसोबत आलेला दुसरा ब्राउझर बघा. बऱ्याच फोनमध्ये कंपनीचा स्वतःचा ब्राउझर असतो, तो आपण कधी उघडतही नाही, पण बातम्या पाठवतो. लॉक स्क्रीनवर रोज बदलणारी चित्रं आणि त्यावरच्या बातम्यांच्या ओळी हा आणखी वेगळा प्रकार. तो नोटिफिकेशन्समध्ये सापडणार नाही, वॉलपेपर किंवा लॉक स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये सापडेल. गुगलच्या ॲपमधून येणाऱ्या सूचना बंद करायच्या तर त्या ॲपमध्ये वर आपल्या फोटोवर टिचकी मारून सेटिंग्जमध्ये जावं लागतं. यूट्यूबवर एखाद्या वृत्तवाहिनीची घंटा ‘सर्व’ वर असेल तर ती ‘काही नाही’ वर आणा.

नेमकं कोण पाठवतंय हे न बघताच उपाय करणं

सूचना चुकून पुसली गेली आणि पाठवणारा सापडत नाही, असं होतं. ॲन्ड्रॉइड ११ पासून नोटिफिकेशन हिस्टरी ही सोय आहे. ती एकदा चालू करून ठेवा. त्यानंतर आलेल्या सूचना कुणाच्या होत्या ते तिथे दिसतं. अनेक फोनमध्ये ॲपची यादी ‘सर्वाधिक सूचना पाठवणारे’ अशी लावून बघता येते. वरच्या तीन-चार नावांचा बंदोबस्त केला की निम्म्याहून अधिक कटकट संपते. एकाच प्रकारची पाच ॲप असतील तर तीच बातमी पाच वेळा वाजणार, तेव्हा ज्याच्या मथळ्यांवर तुमचा विश्वास आहे असं एक ठेवा.

१९०९ वर डीएनडी लावून वाट बघत बसणं

ट्राय या दूरसंचार नियामकाची १९०९ ची ‘डू नॉट डिस्टर्ब’ (डीएनडी) नोंदणी जाहिरातींचे कॉल आणि एसएमएस यांच्यासाठी आहे. ॲप आणि संकेतस्थळांच्या सूचना इंटरनेटवरून येतात, त्यांना ही नोंदणी लागू होत नाही. नोंदणी जरूर करा, पण बातम्या त्याने थांबणार नाहीत.

आयफोनवाल्यांची एक खास चूक

२०२१ च्या आयओएस १५ पासून सूचना ठरलेल्या वेळी एकत्र देणारा ‘शेड्यूल्ड समरी’ हा पर्याय आहे. बातम्यांसाठी याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, संपलं. पण ॲपच्या पानावर ‘टाइम सेन्सिटिव्ह’ हा खटका चालू राहिला, तर ते ॲप तातडीचं म्हणून सारांशाची वाट न बघता आणि ‘फोकस’ (सूचना अडवून ठेवणारी सोय) लावलेला असतानाही मध्ये घुसू शकतं. बातम्यांच्या ॲपमध्ये तो दिसला तर बंद करा.

मथळा वाचून पुढे ढकलणं

ही चूक फोनच्या सेटिंगची नाही, पण सगळ्यात जास्त दुखावणारी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात होते. त्यांच्या निधनाची बातमी वाऱ्यासारखी पसरली, मोठमोठ्यांनी श्रद्धांजलीही वाहिली, आणि रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसलेल्या घरच्यांना ते हयात असल्याचं जगाला सांगावं लागलं. त्यांचं निधन २६ नोव्हेंबरला झालं. आपला माणूस अत्यवस्थ असताना असे खुलासे करायची वेळ कुणावर येऊ नये. ‘सूत्रांची माहिती’, प्रश्नचिन्ह किंवा नुसतं ‘धक्कादायक’ असलेली सूचना आली तर किमान अर्धा तास ती कुठेही पाठवू नका. खरी असेल तर अर्ध्या तासात सगळीकडे नावानिशी येईलच.

फोनने स्वतः केलेल्या सारांशावरही विसंबू नका. बातम्यांच्या सूचनांचे ॲपलच्या एआयने केलेले सारांश चुकीचे निघाले, बीबीसीने डिसेंबर २०२४ मध्ये त्याबद्दल तक्रार केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीला बातम्यांसाठी ही सोय थांबवावी लागली.

वैतागून सगळंच बंद करणं

याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. २५ जुलै २०२४ ला पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेत असताना मुठा नदीचं पाणी घरांत शिरलं. खडकवासला धरणाचा विसर्ग वाढवल्याचं वेळेत कळलंच नाही, ही रहिवाशांची मुख्य तक्रार होती. सूचना का लागते, हे तिथल्या माणसांना विचारावं. वाहन वर काढायला, म्हाताऱ्या आईला वरच्या मजल्यावर न्यायला, कागदपत्रांची पिशवी उचलायला अर्धा तास मिळाला तरी खूप होतो.

म्हणून बातम्यांचा गोंगाट बंद करताना तातडीचे सरकारी इशारे चुकून बंद करू नका. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि दूरसंचार विभाग यांनी २०२३ मध्ये वेगवेगळ्या राज्यांत ज्याची चाचणी घेतली ती सेल ब्रॉडकास्ट यंत्रणा आठवत असेल: फोन अचानक मोठ्याने वाजला, थरथरला आणि पडद्यावर चाचणी संदेश आला. ठरावीक भागातल्या टॉवरवरून तिथल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी हा संदेश जातो. त्याला ॲप लागत नाही, इंटरनेट लागत नाही. त्या आवाजाने दचकून कुणी तेव्हा तो खटका बंद केला असेल तर आज परत चालू करा. ॲन्ड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘इमर्जन्सी अलर्ट’ टाकलं की सापडतो. आयफोनमध्ये नोटिफिकेशन्सच्या पानावर अगदी तळाशी असतो.

जोडीला दोन ॲपना वाजू द्या. प्राधिकरणाचं ‘सचेत’ तुमच्या भागातले पूर, पाऊस, उष्णतेची लाट यांचे अधिकृत इशारे देतं. ‘दामिनी’ पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं आहे. जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर कळवतं. मराठवाडा-विदर्भात वळवाच्या दिवसांत शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावं आणि त्याचं लोकेशन चालू असावं, नाहीतर ते असून नसल्यासारखं आहे.

वृत्तवाहिनीची ‘पावसाचा रेड अलर्ट’ अशी सूचना आली तर जिल्हा कोणता आणि तारीख कोणती हे आधी बघा. हवामान खात्याचे हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे रंग जिल्ह्यावार आणि दिवसावार असतात. मथळ्यात मात्र बऱ्याचदा ‘महाराष्ट्राला’ एवढंच असतं.

घरातल्या ज्येष्ठांचा फोन परस्पर साफ करणं

बाबा-आजोबा दिवसभर त्रासलेले दिसतात म्हणून मुलं त्यांचा फोन घेऊन सगळं बंद करून टाकतात. चार दिवसांनी ते म्हणतात, “अरे, माझ्या फोनवर बातम्याच येत नाहीत, बिघडलाय का?” त्यांना बातम्या हव्या असतात, कटकट नको असते. शेजारी बसा, एकेक सूचना दाखवून विचारा, “बाबा, ही हवी का?” आणि त्यांच्या हातानेच बोट दाबून धरून बंद करायला लावा. पुढच्या वेळी ते स्वतः करतील. नवीन फोन घेतला असेल तर काम आणखी सोपं: ॲन्ड्रॉइड १३ पासून प्रत्येक नवं ॲप सूचनांची परवानगी आधी विचारतं. बातम्यांचं असो वा खरेदीचं, पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं. गरज पडली तर नंतर देता येते. निवडणुकीच्या निकालाचा दिवस असेल, तर आपल्या भरवशाच्या एका ॲपचा ‘ब्रेकिंग’ गट सकाळी चालू करा आणि रात्री झोपण्याआधी पुन्हा बंद करून ठेवा.