दालचिनीचा गोड ब्रेड, आपल्या गुळावर

यीस्ट नाही, पीठ मळणं नाही. २५० ग्रॅम मैदा, १ चमचा खायचा सोडा, २ चमचे दालचिनी पूड आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळा. सोडा फुलायला आंबटपणा लागतो, म्हणून दुधाऐवजी १ कप आंबट ताक घ्या. त्यात १५० ग्रॅम किसलेला कोल्हापुरी गूळ विरघळवून गाळा. गाळणीत बारीक कचरा राहतो, तो ब्रेडमध्ये दाताखाली येऊ नये. ताक तापवू मात्र नका, फुटेल. मग पाव कप तेल घाला.

आता खरी मेख. ओलं-कोरडं एकत्र केल्यावर दहा-बारा वेळाच हलवा. भज्याच्या पिठासारखं फेटलंत तर मैद्याला चिवटपणा येतो आणि ब्रेड रबरासारखा होतो. चार गुठळ्या दिसल्या तरी राहू द्या. सोडा लगेच काम सुरू करतो, म्हणून ओव्हन आधीच १८० अंशांवर तापवून ठेवा.

अर्धं पीठ भांड्यात ओता, वर साखर-दालचिनी भुरभुरा, मग उरलेलं. साधारण ४५ मिनिटांनी सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं. दालचिनी मसाल्याच्या डब्यातलीच, पण त्याच दिवशी कुटलेली घ्या. वास घरभर सुटतो. पूर्ण निवल्यावरच कापा.