आधी जमीन बघा, मग जॅक लावा

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलला ॲडमिशन मिळाली की हात शिवशिवायला लागतात. दहावीनंतरचा दोन वर्षांचा ट्रेड, वर्कशॉपमध्ये एका गाडीभोवती अख्खी बॅच. मग घरची हॅचबॅक दिसते आणि वाटतं, ऑइल आपणच बदलू. जरूर बदला. मी ठाण्यात शिकलो, आता नवी मुंबईत गॅरेजला आहे. नवीन पोरं घरी काम करायचं म्हणाली की मी आधी जॅकचं विचारत नाही, गाडी कुठे उभी करणार ते विचारतो.

वर्कशॉपचा कोबा सपाट आणि टणक असतो, म्हणून तिकडे लक्षच जात नाही. सोसायटीत तशी जागा शोधावी लागते. स्टिल्ट पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, तो नजरेला कळत नाही. तांब्याभर पाणी ओतलं की कळतो. बेलापूरला पारसिकच्या डोंगराकडे राहत असाल तर गल्लीत काम करायचा विचारच सोडा. पेव्हर ब्लॉकखालची रेती पावसात सरकते आणि नेमका स्टँडच्या, म्हणजे उचललेली गाडी ज्यावर टेकवतात त्या लोखंडी घोडीच्या, पायाखालचा ब्लॉक खचतो. डांबर मे महिन्यात मऊ पडतं, स्टँडचे पाय रुततात. गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या स्टॅक पार्किंगच्या पॅलेटवर तर बोल्टही सैल करायचा नाही.

पेव्हरची आणखी एक खोड आहे. ट्रॉली जॅकचा, म्हणजे चाकांवरच्या तेलाच्या जॅकचा, उचलणारा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. म्हणून गाडी उचलताना जॅक आपल्या चाकांवर थोडा सरकतो, आणि सरकायलाच हवा. त्याचं चाक फटीत अडकलं की जॅक तिथेच राहतो आणि वरची बशी गाडीच्या कडेवरून घसरू लागते. अख्खा जॅक मावून वर सरकायला जागा उरेल एवढा जाड प्लाय खाली टाका. स्टँडखालीही प्लाय हवाच.

आता चाकं. बहुतेक हॅचबॅकचा हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. मागची बाजू उचलली की हँडब्रेकने धरलेली चाकंच हवेत. ‘गिअरमध्ये टाकलीय ना!’ हे उत्तर मला रोज मिळतं. पण या गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात, आणि पुढचं एकच चाक उचललं तर डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे, हवेतलं चाक उलटं फिरू शकतं, जमिनीवरचं मोकळं सुटतं. गाडी गिअरमध्ये असूनही. ऑटोमॅटिकच्या ‘पी’चं तेच. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचेच. चाक काढायचं असेल तर नट आधी, गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा.

डिकीतला सिझर जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. ट्रॉली जॅक मजबूत दिसतो, पण गाडी पेललेली असते आतल्या तेलाच्या दाबाने. सील गेलं की गाडी खाली. जॅकने उचलायचं, वजन स्टँडवर टेकवायचं आणि मगच खाली जायचं. विटा नकोत, सिमेंटचा ब्लॉकही नको, तो न कुरकुरता फुटतो. जॅक आणि स्टँड दोघांनाही दाराखालची तीच दोन खाचांमधली जागा हवी असते, हा घोळ पहिल्याच दिवशी होतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ट्रॉली जॅकसाठी पुढे-मागे मधली जागा दिलेली असेल तर तिथून उचला आणि खाचांशी स्टँड लावा. ऑइलच्या चेंबरखाली जॅक कधीच नाही. इलेक्ट्रिक गाडीत तर पोटाशी बॅटरीच असते, तिथे ठरलेल्या जागा सोडून कुठेही टेकवायचं नाही.

खाडीच्या हवेत जुन्या गाड्यांची ती दाराखालची कड गंजते. स्क्रूड्रायव्हरने टोचा. गंजाचा भुसा गळला तर तिथे उचलू नका, गॅरेजला आणा.

दोन्ही बाजूंचे स्टँड सारख्याच उंचीवर लावा, पिन असेल तर घाला. जॅक हळू सोडा, वजन बसू द्या, मग बाहेर उभं राहून गाडीला खांद्याने दोन धक्के द्या. हलली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा, शेवटचा आधार म्हणून. सायलेन्सर गार होऊ द्या, डोळ्यांना चष्मा लावा, गंज थेट डोळ्यात पडतो. घरात कुणाला तरी सांगून ठेवा, आणि जॅकचा दांडा कसा मारायचा तेही त्याला दाखवून ठेवा. ॲम्ब्युलन्सचा 108 फिरवायला तर कुणीही येईल, गाडी उचलायला येणारा माणूस शेजारी लागतो.

गाडी खाली घेतल्यावर नट समोरासमोरचे असे फिरवत शेवटचे आवळा, थोडं चालवून आल्यावर पुन्हा बघा. जळकं ऑइल गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून जवळच्या गॅरेजला द्या, तिथे त्याचा ड्रम असतो.